आधी सुरक्षितता, मग कहाणी : मानसिक आघात आणि मानसोपचारकाची कार्यपद्धती

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर मानसिक आघात म्हणजे काय, तो मुलांत आणि प्रौढांत कसा निरनिराळा दिसतो आणि आघाताचे भान ठेवून काम करणारा मानसोपचारक कोणत्या क्रमाने व कोणत्या कारणाने पुढे जातो, हे तुम्हाला स्पष्ट करता येईल.

वाचण्यापूर्वी एक सूचना. या घटकात अपहरण, भूकंप, कौटुंबिक हिंसा आणि लैंगिक अत्याचार यांचे उल्लेख आहेत. वर्णने तपशिलाने दिलेली नाहीत. तरीही वाचताना अस्वस्थ वाटू लागले, तर पुस्तिका मिटून ठेवा, पाणी प्या आणि उरलेला भाग दुसऱ्या दिवशी वाचा. आपल्या सोयीने अभ्यास करण्याची मोकळीक दूरशिक्षणात असते, तिचा येथे उपयोग करून घ्यावा. कोणाशी बोलावेसे वाटले तर शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ‘पोराने धसका घेतला’, ‘नवरा गेल्यावर तिने हाय खाल्ली’, ‘तेव्हापासून तो माणसातच नाही’ अशी वाक्ये तुम्ही घरात आणि गावात अनेकदा ऐकली असतील. मानसशास्त्राचे एकही पुस्तक न वाचलेल्या माणसांनी ही निरीक्षणे भाषेत साठवून ठेवली आहेत. त्यांत एक बारकावा आहे. धसका ‘घेतला’ जातो, हाय ‘खाल्ली’ जाते. बाहेर घडलेली गोष्ट माणसाच्या आत शिरते आणि तेथे राहते, असे ही क्रियापदे सांगतात. मूळ ग्रीक भाषेत ‘ट्रॉमा’ या शब्दाचा अर्थ जखम असा आहे. शस्त्रक्रियेच्या परिभाषेतून तो एकोणिसाव्या शतकात मनाच्या विचारात आला. मराठीत त्यासाठी ‘आघात’ हा शब्द रूढ आहे, तोच आपण येथे वापरू.

याच भाषेने आपल्याला एक उपायही दिला आहे : ‘बोलून टाक, म्हणजे मन मोकळे होईल.’ दुःखात हा सल्ला पुष्कळदा उपयोगी पडतो. आघाताच्या बाबतीत मात्र तो केव्हा खरा ठरतो आणि केव्हा अपाय करतो, हे पाहावे लागते. या घटकातील सारी चर्चा त्या एका प्रश्नाभोवती आहे. मुलांनी आणि मोठ्यांनी घडलेले सांगावे काय, कोणाला सांगावे, आणि सांगण्याआधी काय झालेले असावे?

येथे ‘मानसोपचारक’ हा शब्द बोलण्याच्या, खेळाच्या व तत्सम मार्गांनी उपचार करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीसाठी योजला आहे. औषधे देणारे मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असतात. दोघे अनेकदा एकत्र काम करतात, पण त्यांची कामे वेगळी आहेत.

२. चाउचिलाची शाळेची बस

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात चाउचिला नावाचे एक लहान शेतकरी गाव आहे. १५ जुलै १९७६ रोजी तेथील उन्हाळी शाळेची बस मुलांना पोहण्याच्या सहलीवरून परत आणत होती. तोंडे झाकलेल्या तीन सशस्त्र माणसांनी ती अडवली. बसमध्ये ५ ते १४ वर्षे वयाची २६ मुले आणि चालक होता. त्यांना दोन बंद गाड्यांत कोंबून सुमारे ११ तास फिरवण्यात आले. नंतर लिव्हरमोरजवळच्या एका खाणीत, जमिनीत पुरलेल्या मालमोटारीच्या सांगाड्यात उतरवून वरून माती लोटण्यात आली. चालकाने आणि मोठ्या मुलांनी गाद्या एकावर एक रचून छतापर्यंत हात पोहोचवला, वरचे ओझे सारले आणि सुमारे १६ तासांनी सारे जण बाहेर आले. एकही मूल दगावले नाही. अपहरण करणारेही पुढे पकडले गेले.

गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. मुले धडधाकट होती, खात-पीत होती, शाळेत जात होती. ‘लहान आहेत, विसरतील’ असे मोठ्यांनी धरून चालणे स्वाभाविक होते. आपल्याकडेही अशा प्रसंगी हेच वाक्य प्रथम ओठांवर येते.

सुमारे पाच महिन्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या बालमनोविकारतज्ज्ञ लेनोर टेर या मुलांना भेटू लागल्या. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २३ मुलांच्या मुलाखती आहेत. आघाताच्या खुणा त्यांतील प्रत्येक मुलात आढळल्या. चार-पाच वर्षांनी त्या पुन्हा गेल्या, तेव्हाही त्या पुसल्या गेल्या नव्हत्या. लहानपणाच्या आघाताविषयीची आपली समज ज्या मोजक्या अभ्यासांनी बदलली, त्यांत याची गणना होते. त्यांतील तीन निरीक्षणे आपल्या कामाची आहेत.

पहिले निरीक्षण खेळाविषयी आहे. मुले अपहरणाचा खेळ पुन्हा पुन्हा खेळत. नेहमीच्या भातुकलीत किंवा चोर-पोलिसात गोष्ट बदलत जाते, हसू असते, खेळ संपल्यावर मूल मोकळे होते. या खेळात तसे नव्हते. तो गंभीर, एकसुरी आणि थकवणारा होता. तोच प्रसंग, तोच शेवट. खेळून भीती कमी होण्याऐवजी काही वेळा वाढत असे. टेर यांनी त्याला आघातोत्तर खेळ असे नाव दिले. मूल खेळते आहे म्हणजे ते बरे आहे, हा आपला समज येथे डळमळतो.

दुसरे निरीक्षण आपल्याला फार ओळखीचे वाटेल. अनेक मुलांनी मागाहून अपशकुन शोधून काढले होते. त्या दिवशी सकाळी अमुक घडले होते, तेव्हाच मला कळायला हवे होते, असे ती सांगत. ‘निघताना शिंक आली होती’ किंवा ‘मांजर आडवे गेले होते’ असे अपघातानंतर म्हणणारी माणसे आपणही पाहिली आहेत. आपण त्याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारतो. मानसोपचारक त्यात काही वेगळे ऐकतो. जे घडले ते टाळणे आपल्या हाती मुळीच नव्हते, ही जाणीव इतकी असह्य असते की तिच्यापेक्षा ‘मला खूण दिसली होती, मी चुकलो’ ही अपराधाची भावना मनाला परवडते. अपराधाच्या भावनेत निदान थोडी सत्ता उरते, असहायतेत तीही उरत नाही. म्हणूनच आघातग्रस्ताला ‘यात तुझा काही दोष नाही’ असे घाईने सांगून भागत नाही. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याच्या हातून शेवटचा आधार काढून घेतल्यासारखे होते. ते वाक्य खरे आहे. ते केव्हा बोलावे, हा प्रश्न आहे.

तिसरे निरीक्षण भविष्यासंबंधी आहे. मोठे होऊन काय करणार, असे विचारले असता कित्येक मुलांना पुढचे आयुष्य डोळ्यांपुढे आणताच येत नव्हते. आपण फार जगणार नाही, पुन्हा काही अनर्थ घडेल, असे ती गृहीत धरून होती. अशा मुलाला ‘अभ्यास कर, पुढे उपयोगी पडेल’ हे वाक्य निरर्थक वाटते, कारण त्याच्या मनात ‘पुढे’ उरलेलेच नसते.

टेर यांनी १९९१ साली आघातांचे दोन प्रकार मांडले. चाउचिलासारखा एकाच वेळी, अकस्मात कोसळणारा आघात हा पहिला प्रकार. घरातील मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा दीर्घ उपेक्षा यांसारखा पुन्हा पुन्हा होणारा, येणार हे आधीच ठाऊक असलेला आघात हा दुसरा. पहिल्या प्रकारात आठवण बहुधा लख्ख असते. दुसऱ्यात मूल सुन्न होऊ लागते, घडणाऱ्या गोष्टीपासून स्वतःला तोडून घेते आणि स्मरणात मोठी भगदाडे पडतात. एकाच प्रश्नावलीने दोघांची चौकशी करू नये, याचे हे एक कारण आहे.

३. आघातात शरीराचे आणि स्मरणाचे काय होते?

संकट समोर येताच मेंदूतील अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग धोक्याची सूचना देतो. हृदयाची गती वाढते, स्नायू ताठ होतात, रक्तप्रवाहात तणावाची संप्रेरके मिसळतात. माणूस लढतो किंवा पळतो. दोन्ही अशक्य असेल तेव्हा तो थिजतो. हा तिसरा प्रकार लोकांना कळत नाही. ‘ओरडली का नाही?’ हा प्रश्न पोलीस ठाण्यात, न्यायालयात आणि घरातही विचारला जातो. न ओरडणे म्हणजे संमती नव्हे. इच्छेने ठरवण्याची संधी मिळण्यापूर्वी शरीराने घेतलेला तो निर्णय असतो.

सर्वसाधारण आठवणीला जागा आणि काळ असतो. ‘ते तेव्हा घडले, आता मी येथे आहे’ असे आपल्याला कळते. ही बांधणी करण्यात हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो. पराकोटीच्या भीतीत ही बांधणी नीट होत नाही, असे या क्षेत्रातील अनेक संशोधक मानतात. मग उरतात ते सुटे तुकडे : एक वास, दाराची कडी वाजल्याचा आवाज, पाठीवरचा हात. यांपैकी एखादा तुकडा पुन्हा समोर आला की शरीर जुन्या धोक्याला आजचा धोका समजून वागते.

समजा, चौथीतल्या एका मुलाच्या शेजारी कोणीतरी बाक जोरात सरकवला आणि तो मुलगा बाकाखाली जाऊन बसला. वर्ग हसला. बाई रागावून म्हणाल्या, ‘नाटके करू नकोस, वर ये.’ तो आला नाही, उलट हात धरू पाहणाऱ्या बाईंना त्याने ओचकारले. शाळेच्या नोंदवहीत ‘उद्धट, हिंसक’ असा शेरा पडला. या मुलाच्या घरी रात्री सामान फेकले जाते, हे कोणाला ठाऊक नाही. बाई वाईट नाहीत. त्यांच्यापुढे ४५ मुले आहेत आणि वर्ग सांभाळायचा आहे. पण त्यांच्या मनात आलेला प्रश्न ‘याला झाले आहे तरी काय?’ असा होता. आघाताचे भान असलेली व्यक्ती त्याच शब्दांना किंचित वळण देते : ‘याच्या बाबतीत काय झाले असेल?’ आणि त्या मुलाला ओढून वर काढण्याऐवजी थोड्या अंतरावर खाली बसून हळू आवाजात म्हणते, ‘बाक सरकला त्याचा आवाज होता तो. मी येथेच आहे. तुला वाटेल तेव्हा वर ये.’ त्या क्षणी त्या मुलाकडून काही वदवून घेण्याची गरज नसते.

४. मुलांबरोबरचे काम

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेड येथे मुलांसाठी युद्धकालीन निवासी पाळणाघरे चालवली. तेथील त्यांचे निरीक्षण आजही आपल्याला थांबून विचार करायला लावते. आई जवळ असलेली आणि आई स्वतः शांत असलेली मुले बॉम्बच्या आवाजातही बऱ्यापैकी सावरलेली असत. सुरक्षित खेड्यात पाठवलेली, पण आईपासून तुटलेली मुले अधिक खचत. मुलाची सुरक्षितता भिंतींपेक्षा माणसात असते, असा याचा अर्थ.

म्हणून मुलांचा मानसोपचारक पहिला प्रश्न मुलाविषयी विचारत नाही. या मुलाजवळ विश्वासाचे मोठे माणूस कोण आहे, हे तो शोधतो. आई असेल, आजी असेल, कधी मावशी किंवा वसतिगृहाच्या गृहमाता. त्या व्यक्तीला काय घडले ते कळते आहे काय, ती स्वतः किती ढासळली आहे, मूल रात्री दचकून उठले तर ती काय करते, हे पाहिले जाते. अनेकदा पहिली काही सत्रे त्या मोठ्या माणसासाठीच खर्च होतात. पालकांना हे रुचत नाही. ‘मुलाला आणले आहे, त्याला तपासा’ असा त्यांचा आग्रह असतो.

ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंगर यांनी विकसित केलेली आघातकेंद्री बोधनात्मक-वर्तन उपचारपद्धती या क्षेत्रात सर्वाधिक अभ्यासली गेलेली आहे. ती साधारणतः १२ ते १६ सत्रांची असते. मूल आणि पालक यांची सत्रे समांतर चालतात. तिच्यातील क्रम आपण नीट पाहू. सुरुवातीला मुलाला सांगितले जाते की अशा प्रसंगानंतर अनेक मुलांना असेच होते. मग श्वास शांत करण्याच्या व शरीर सैल सोडण्याच्या सवयी येतात. मग भावनांना नावे देणे. राग, लाज आणि भीती या तिन्हींसाठी ‘कसेतरी होते’ हा एकच शब्द वापरणाऱ्या मुलाच्या हाती येथे तीन शब्द पडतात. या साऱ्यानंतर, पद्धतीच्या जवळजवळ मध्यावर, घडलेल्या प्रसंगाची कहाणी येते. तीही एकदम नव्हे. मूल ती चित्रांतून, वहीच्या पानांतून, थोडी थोडी रचते. आज शाळेतून निघण्यापर्यंतच, पुढचे पुढच्या खेपेला. अखेरीस मुलाची तयारी असेल तर ती कहाणी पालकांपुढे वाचली जाते, आणि ती ऐकण्यासाठी पालकांना आधी तयार केलेले असते.

बोलता न येणाऱ्या वयात झालेल्या आघाताचे काय? तो शब्दांत साठत नाही, पण वागण्यात आणि खेळात उतरतो, असे टेर यांनीच पुढे दाखवून दिले. अशा वेळी उपचारकाच्या खोलीतील बाहुल्या, वाळूचे तबक आणि खेळण्यातल्या गाड्या हे उपचाराचे साहित्य ठरते. मुलाचा तोच तो खेळ मोडू न देता त्यात हलकेच एक नवी शक्यता आणणे, हे उपचारकाचे कौशल्य. बस अडवली गेली आहे. या खेपेस मदतीला कोण येऊ शकेल? मूल उत्तर देईल किंवा देणार नाही. प्रश्न तेथे ठेवलेला असतो.

एक वचन मात्र मानसोपचारकाने मुलाला कधी देऊ नये : ‘तू सांगशील ते मी कोणालाही सांगणार नाही.’ भारतात लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पॉक्सो) याच्या कलम १९ नुसार, असा गुन्हा घडल्याचे समजलेल्या प्रत्येक व्यक्तीवर तो कळवण्याचे बंधन आहे. उपचारकही त्याला अपवाद नाही. गुप्ततेचे वचन देऊन नंतर ते मोडावे लागले, तर मुलाच्या आयुष्यात विश्वासघाताची आणखी एक भर पडते. म्हणून पहिल्याच भेटीत, मुलाला समजेल अशा शब्दांत सांगावे : ‘आपले बोलणे आपल्यात राहील. पण तुला कोणी इजा करत असेल, तर तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला काही माणसांना सांगावे लागेल, आणि सांगण्याआधी मी तुला सांगेन.’ यामुळे काही मुले गप्प होतात, हे खरे आहे. तरीही हाच मार्ग प्रामाणिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

५. प्रौढांबरोबरचे काम

प्रौढांचा आघात सैनिकांच्या रूपाने वैद्यकाच्या नजरेस ठळकपणे आला. पहिल्या महायुद्धात १९१५ साली चार्ल्स मायर्स यांनी ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला. तोफगोळ्यांच्या माऱ्याखालून आलेले, शरीराला जखम नसलेले सैनिक मुके होत, थरथरत. त्यांना भेकड ठरवणारे अधिकारीही पुष्कळ होते. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० साली, ‘आघातोत्तर तणाव विकृती’ हे निदान अमेरिकी मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात समाविष्ट झाले. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ सालच्या ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ या ग्रंथात युद्धभूमी आणि घर यांना एका रेषेत आणून ठेवले. रणांगणावरील सैनिकात दिसणारी लक्षणे नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीत आणि अत्याचार सोसलेल्या मुलीतही दिसतात, हे त्यांनी आग्रहाने मांडले.

हर्मन यांनी बरे होण्याच्या तीन अवस्था सांगितल्या. आधी सुरक्षितता प्रस्थापित होणे, मग आठवणे आणि शोक करणे, आणि मग जगाशी पुन्हा नाते जोडणे. वाचायला हे सोपे वाटते, पण प्रत्यक्षात पहिलीच अवस्था सर्वांत लांबते.

समजा, चाळिशीतील एक स्त्री झोप लागत नाही म्हणून उपचारकाकडे आली. खोलीत शिरताच ती दाराकडे पाहते. अनुभवी उपचारक खुर्ची दाखवून ‘बसा’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘ताई, यांतली कोणतीही खुर्ची घ्या. दार लावून घेऊ की थोडे उघडे ठेवू?’ हे सौजन्य आहेच, पण उपचारही येथेच सुरू झालेला असतो. आघातात माणसाच्या हातून जे गेले ते म्हणजे निवड. कोठे बसायचे, किती सांगायचे, केव्हा थांबायचे, हे ठरवण्याची सत्ता छोट्या छोट्या गोष्टींतून तिच्या हाती परत दिली जाते. ‘हा प्रश्न नको वाटला तर नको म्हणा, त्याचे कारण द्यावे लागणार नाही,’ असे तिला स्पष्ट सांगितले जाते. ती प्रत्यक्ष ‘नको’ म्हणाली आणि उपचारकाने ते मुकाट्याने मान्य केले, तर ते सत्र वाया गेले असे समजू नये. कदाचित अनेक वर्षांत प्रथमच तिचा नकार कोणी मानला असेल.

त्यानंतरचा प्रश्न वस्तुस्थितीचा आहे : धोका खरोखर संपला आहे काय? ती आजही त्याच घरात, त्याच माणसाबरोबर राहत असेल, तर तिचे रात्री दचकून जागे राहणे हा विकार नाही, पहारा आहे. अशा वेळी जुन्या आठवणी उकरण्यापेक्षा तिला कोठे राहता येईल, पैसे कोणाच्या नावावर आहेत, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ अन्वये संरक्षण अधिकाऱ्याकडे कसे जाता येईल, हे बोलणे अधिक निकडीचे असते. मन शांत करण्याचे व्यायाम शिकवून एखाद्याला असह्य परिस्थिती सोसायला तयार करणे, हा उपचाराचा दुरुपयोग आहे.

धोका मागे पडला असेल तर वर्तमानात पाय रोवण्याचे सराव कामी येतात. समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे घेणे, तळपाय जमिनीवर दाबणे, थंड पाण्याचा स्पर्श घेणे. ‘मी आता येथे आहे’ हे शरीराला पटवण्याचे हे साधे मार्ग आहेत. डॅनिएल सीगल यांनी सहनशीलतेच्या खिडकीची कल्पना मांडली आहे. या खिडकीच्या वर गेले की माणूस भीतीने वा संतापाने उसळतो, खाली गेले की सुन्न होतो. दोन्ही स्थितींत शिकणे आणि सावरणे घडत नाही. अशील खिडकीच्या चौकटीत आहे काय, याकडे उपचारकाचा एक डोळा सतत असतो. तिचा आवाज अचानक सपाट झाला, नजर स्थिर झाली, की तो कहाणी थांबवतो, मग ती कितीही महत्त्वाच्या वळणावर आलेली असो.

आठवणींवर काम करण्याची वेळ येते तेव्हा अनेक पद्धती उपलब्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आघातकेंद्री बोधनात्मक-वर्तन उपचार आणि फ्रॅन्सिन शापिरो यांची नेत्रचालनावर आधारित ‘ईएमडीआर’ पद्धती या दोहोंची शिफारस केली आहे. दुसऱ्या पद्धतीत डोळ्यांची हालचाल खरोखर आवश्यक आहे की नाही, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. उपयोग होतो, याबद्दल वाद त्यामानाने कमी आहे.

येथे दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. ‘आधी सुरक्षितता’ हे सूत्र काही उपचारक इतके ताणतात की आठवणींपर्यंत ते कधी पोहोचतच नाहीत. एकच आघात झालेल्या, बाकी आयुष्य सावरलेल्या प्रौढाला महिनोन्महिने तयारीत गुंतवून ठेवण्याचे कारण नाही, असे आक्षेपकांचे म्हणणे आहे, आणि त्यात तथ्य आहे. टाळणे हे आघाताचेच लक्षण आहे. उपचारकही भीतीपोटी टाळाटाळ करू शकतो. अमुक इतकी सत्रे तयारीची, असा नियम त्यामुळे करता येत नाही.

६. ‘बोलून टाक’ या सल्ल्याचे काय झाले?

१९८३ साली जेफ्री मिचेल यांनी अग्निशामक व बचाव कर्मचाऱ्यांसाठी एक पद्धती मांडली. भीषण घटनेनंतर लवकरच सर्वांना एकत्र बसवून काय पाहिले, काय वाटले, हे क्रमाने बोलायला लावायचे. ती झपाट्याने पसरली आणि अपघातग्रस्तांवर, भाजलेल्या रुग्णांवर एकेकट्यानेही वापरली जाऊ लागली. पुढे अशा एकाच बैठकीच्या प्रयोगांचे एकत्रित परीक्षण झाले, तेव्हा तिने आघातोत्तर विकृती टळते असा पुरावा मिळाला नाही. काही प्रयोगांत तर ही बैठक झालेल्यांची स्थिती न झालेल्यांहून वाईट आढळली. जखम ताजी असताना तिच्यात बोट घालावे तसे हे झाले असावे. शिवाय स्वतःहून बोलणे आणि बोलायला लावले जाणे या भिन्न क्रिया आहेत.

आज जागतिक आरोग्य संघटना त्याऐवजी मानसिक प्रथमोपचाराचा मार्ग सुचवते. २०११ साली तिने त्याची मार्गदर्शिका काढली. त्यात अन्न, पाणी, निवारा, हरवलेल्या नातेवाइकांचा शोध, खरी माहिती आणि शेजारी बसून ऐकणे यांवर भर आहे. कोणी बोलू लागले तर ऐकायचे. खोदून विचारायचे नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, किल्लारी आणि परिसरातील गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. तुमच्यापैकी लातूर-धाराशिवकडील कोणाला घरच्या मोठ्यांकडून त्या दिवसांविषयी ऐकायला मिळाले असेल. अशा ठिकाणी ‘आता घाबरू नका, सगळे संपले’ असे सांगणारा बाहेरचा माणूस काय करतो, याचा विचार करा. मोठ्या भूकंपानंतर धक्के बसतच राहतात. ज्याच्या पायाखालची जमीन अजून हलते आहे, त्याला धोका संपल्याचे सांगणे असत्य आहे, आणि पुढच्या धक्क्याला त्या सांगणाऱ्यावरचा विश्वासही जातो. ‘आणखी धक्के येतील, ते बहुधा लहान असतील, आपण उघड्यावर आहोत’ हे वाक्य कमी गोड, पण अधिक आश्वासक आहे. सुरक्षिततेची भावना खरेपणावर उभी राहते.

७. उपचारकाच्या खोलीबाहेर

आघाताचे भान केवळ उपचारकापुरते राहिले तर त्याचा फारसा उपयोग नाही. अमेरिकेत १९९८ साली फेलिटी व आंडा यांनी प्रसिद्ध केलेल्या बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांच्या अभ्यासात, असे अनुभव जितके अधिक तितका प्रौढपणी नैराश्य, व्यसन आणि हृदयविकार यांचाही धोका अधिक, असे आढळले. हा निष्कर्ष समूहाविषयीचा आहे. एखाद्या मुलाच्या अनुभवांची बेरीज करून त्याचे भविष्य वर्तवणे चूक आहे, तरी काही ठिकाणी तसे केले जाते. २०१४ साली अमेरिकेच्या केंद्रीय मानसिक आरोग्य सेवा विभागाने रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्यासाठी या दृष्टीची तत्त्वे मांडली. सुरक्षितता, विश्वासार्हता, सहकार्य आणि निवड यांचा त्यांत समावेश आहे.

आपल्या पॉक्सो कायद्यात ही दृष्टी उतरलेली दिसते. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याने निवडलेल्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवायचा आहे. बालकाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. न्यायालयात वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारले जातात, वारंवार विश्रांती देता येते, विश्वासाची व्यक्ती जवळ बसू शकते आणि साक्षीच्या वेळी बालक आरोपीच्या समोर येणार नाही याची काळजी घ्यायची असते. साक्षीसाठी बालकाला पुन्हा पुन्हा बोलावू नये, असेही कायदा सांगतो. प्रत्यक्षात ते मूल आईला, शिक्षकांना, पोलिसांना, डॉक्टरांना, बालकल्याण समितीला आणि न्यायालयाला तीच गोष्ट सांगते. प्रत्येकाला ती नव्याने, पहिल्यापासून हवी असते. प्रत्येकाची गरज कायदेशीर असते. सहाव्या वेळी ते मूल एखादा तपशील वेगळा सांगते आणि मग त्याला खोटे ठरवले जाते.

हे सारे ऐकणाऱ्याचेही काही होते. रोज अशा कहाण्या ऐकणाऱ्या उपचारकाला त्याच दुःस्वप्नांचा त्रास होऊ लागतो, किंवा त्याउलट त्याला काहीच वाटेनासे होते. दोन्ही धोक्याच्या खुणा आहेत. म्हणून ज्येष्ठ सहकाऱ्याबरोबर नियमित चर्चा हा या व्यवसायातील शिस्तीचा भाग मानला जातो. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि महिला पोलीस यांनाही असे ऐकावे लागते. त्यांच्यासाठी अशी चर्चेची जागा फारच थोड्या ठिकाणी आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. अपहरणातून सुटलेल्या मुलांनी मागाहून अपशकुन का शोधले असावेत? तुमच्या परिसरात ऐकलेल्या एखाद्या उदाहरणाच्या आधारे लिहा. संबंधित व्यक्तीचे नाव देऊ नका.

२. ‘धोका संपलेला नसताना मन शांत करणे हा उपचार नव्हे.’ या विधानाची दोन्ही बाजूंनी चर्चा करा.

३. प्रकरण ३ मधील चौथीच्या मुलाच्या बाई तुम्ही आहात असे समजा. नोंदवहीतील ‘उद्धट, हिंसक’ हा शेरा खोडून त्या जागी तीन वाक्यांत काय लिहाल? उरलेल्या ४४ मुलांना त्या दिवशी काय सांगाल?

उपक्रम : धसका, हाय, धास्ती, बाधा, दचकणे, सुन्न होणे यांसारखे शब्द व वाक्प्रचार तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांकडून जमवा. प्रत्येकाच्या पुढे तो कोणाविषयी, कोणत्या प्रसंगी वापरला जातो ते लिहा. शब्द विचारा, प्रसंग विचारू नका. कोणी आपणहून प्रसंग सांगू लागल्यास वही मिटून ऐका.